दरीकडील मानाची जागा

आत्याच्या यजमानांना मानाची जागा मिळाली आणि त्या दिवसापासून आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याआधी सगळं सुरळीत होतं. युद्धात गेलेल्यांच्या पितळी नावपट्ट्या शहरातल्या जुन्या सभागृहात, तळमजल्यावर, जिन्याखालच्या भिंतीला लावलेल्या होत्या. आत्या वर्षातून एकदा जायची, रुमालाने आपली पट्टी पुसायची, समोरच्या बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायची, मनातल्या मनात चार शब्द बोलायची आणि घरी यायची. मग कुणा मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं, की ज्यांनी प्राण दिले त्यांना जिन्याखाली ठेवणं बरं दिसत नाही. इतक्या वर्षांनी का होईना, सुचलं, हेही नसे थोडके. झालं! शहराबाहेरच्या टेकडीवर एक रुंद चौकोनी स्तंभ उभा राहिला. भोवती फरशी, फरशीला कठडा, कठड्याला दुर्बीण आणि दुर्बिणीला रांग. पट्ट्या वर गेल्या आणि आत्याला पत्र आलं, की आपल्या दिवंगत पतीच्या नावास दरीच्या बाजूस, पहिल्या रांगेत, निसर्गरम्य देखाव्यासमोर मानाची जागा देण्यात आल्याचे कळविण्यास आनंद होत आहे.

"आनंद होतोय मेल्यांना!" आत्या म्हणाली. "एकदा मारून समाधान झालं नाही, आता रोज मारणार."

कारण आतोबांना उंची सोसत नव्हती.

आतोबा सैन्यात शिंपी होते. बंदुकीशी त्यांचा संबंध आला तो तिचा पट्टा उसवला तर तेवढाच. स्टुलावर चढायचं म्हटलं तरी त्यांना दरदरून घाम फुटायचा, त्यामुळे घरातले दिवे आत्या बदलायची. घर दुसऱ्या मजल्यावर. म्हणून शिवणयंत्र सगळ्यात आतल्या भिंतीला, तोंड भिंतीकडे. लग्न झाल्यावर ते एकदाच गॅलरीत आले होते, तेही डोळे मिटून, आणि परत आत गेले ते रांगत. युद्धातसुद्धा त्यांना वरच्या चौक्यांवर कुणी नेलं नाही. खाली सपाट माळावर, कापडी तंबूत, कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत असताना त्यांच्यावर बॉम्ब पडला. "सपाटीवर गेले, तेवढंच समाधान," असं आत्या सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळायचं नाही. आता सरकारने तेवढंही समाधान काढून घेतलं होतं.

"बाळ्या, गाडी काढ," ती भाच्याला म्हणाली. "त्यांना तिथून हलवल्याशिवाय मी टेकडी उतरायची नाही."

हा बाळ्या पन्नाशी ओलांडलेला, विमा कंपनीत नुकसान तपासणारा परवानाधारक माणूस. कुणाचं दुकान जळो, कुणाची गाडी ठोकली जावो, हा तिथे जाऊन मान तिरकी करून बघणार आणि म्हणणार, "हा चरा आधीचाच दिसतो." कचेरीत त्याला मागे 'वजाबाकी' म्हणत. पुढेही म्हणत, पण हळू. उभ्या नोकरीत त्याने नसलेलं नुकसान कधी मान्य केलं नव्हतं. असलेलंही त्याने फारसं मान्य केलं नव्हतं, असं त्याच्या बायकोचं मत होतं. आत्याचा हा दावा त्याला सुरुवातीपासूनच फेटाळण्याजोगा वाटत होता. पण लहानपणी आईच्या मागे त्याला वाढवलं होतं ते आत्याने, त्यामुळे गाडी निघाली.

"आत्या, एक विचार कर," वळणावर चाक फिरवत तो म्हणाला. "पट्टीला चक्कर येत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"अगं, पितळ आहे ते."

"मग इतकी वर्षं मी काय पितळ पुसत होते?"

त्याने गिअर बदलला.

वर पोचले तेव्हा धुकं नुकतंच विरत होतं, आणि खरं सांगायचं तर देखावा लाखात एक होता. खाली दरी, दरीत चांदीची तार टाकावी तशी नदी, पलीकडे डोंगरामागे डोंगर, शेवटचा डोंगर की ढग हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावं. माणसं लोटली होती. सगळी स्तंभाकडे पाठ करून. एक जोडपं 'जरा नावं दिसू नयेत असा घे' म्हणून एकमेकांचे फोटो काढत होतं. स्तंभाला हात लावायची तेवढी सगळ्यांना सवय होती, कारण बुटाची नाडी बांधताना टेकायला तो सोयीचा पडे.

आत्या सरळ आपल्या पट्टीपाशी गेली. छातीच्या उंचीवर, रांगेच्या टोकाला, स्तंभाच्या कोपऱ्याजवळ ती होती, आणि तिच्यासमोर कठडा सोडला तर काही म्हणजे काही नव्हतं.

"बघ," आत्या कुजबुजली. "बघ कसा घाम फुटलाय!"

पट्टीवर खरंच थेंब जमले होते.

"दव आहे ते," भाचा म्हणाला. "शेजारच्या पट्ट्यांवरही आहे."

"त्यांनाही फुटला असेल. त्यांना कुणी विचारलंय?"

तिने थेंब पुसले, पट्टीवर तळवा ठेवून "आले हं मी" म्हटलं आणि कॅन्टीनकडे बोट केलं. "एक खुर्ची आण."

कॅन्टीनवाला खुर्ची देईना. भाच्याने नाइलाजाने आपलं परवान्याचं ओळखपत्र काढून त्याच्या नाकापुढे धरलं. त्यावर सरकारी शिक्का होता. शिक्का बघून खुर्ची मिळाली. वर एक उशीही मिळाली. आत्या पट्टीकडे पाठ करून, दरीकडे तोंड करून बसली, तिने आपली मोठी काळी छत्री उघडली आणि डोक्यामागे, बरोबर पट्टीच्या समोर धरली.

"हे काय?"

"त्यांना दिसायला नको. तू जा, ती पट्टी कुठून हलवायची ते बघ. मी इथे आहे."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. छत्रीखाली आत्या नव्हती, पट्टी होती. लोक थोडा वेळ बुचकळ्यात पडले आणि मग तिचे फोटो काढू लागले. देखाव्याला पहिल्यांदाच स्पर्धा आली होती.

शिट्टी वाजली. स्मारकाचे व्यवस्थापक आले. हे पूर्वी सैन्यात कारकून होते आणि गळ्यातली शिट्टी ही त्यांची एकमेव सत्ता होती. ती ते स्वल्पविरामासारखी वापरत.

"आजी, छत्री बंद करा."

"का?"

"पाऊस नाही."

"पाऊस नसताना छत्री उघडू नये असं तुमच्या नियमात आहे?"

व्यवस्थापक थबकले. नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि तोंडपाठ असणाऱ्याची अडचण हीच, की त्याला खोटं बोलता येत नाही. "नाही," ते म्हणाले आणि त्यांनी एक दुबळी शिट्टी वाजवली.

भाच्याने त्यांना बाजूला घेतलं. शक्य तितक्या कमी शब्दांत, म्हणजे एखाद्या अपघाताचं वर्णन करावं तसं, प्रकरण सांगितलं. व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटलं ते उंचीच्या भीतीचं नव्हे.

"दरीची बाजू नको म्हणताय? अहो, इथे लोक दरीच्या बाजूसाठी वशिले लावतात! परवा एक बाई म्हणाल्या, आमच्या सासऱ्यांना निदान नदी तरी दिसू द्या."

"मग द्या ना त्यांना ही जागा."

"पट्टी जागेवरून काढताच येत नाही."

"स्क्रू आहेत की चार."

"स्क्रू आहेत. पण कारण नाही."

एवढ्यात स्तंभाच्या मागून एक गृहस्थ तरातरा आले. उंच, वाकलेले, समोरच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांऐवजी तोंडात बघणारे. त्यांनी येताच आत्याला विचारलं, "बाई, ही छत्री तुमची का? ती माझ्या वडिलांच्या मधे येतेय."

"तुमचे वडील कुठायत?"

"मागे. कॅन्टीनकडे."

"मग माझी छत्री त्यांच्या मधे कशी येईल?"

"आरशात," ते गृहस्थ म्हणाले.

हे दातांचे डॉक्टर होते. त्यांचे वडील सैन्यात बिनतारी संदेश घेत. सगळं युद्ध जमिनीखालच्या खंदकात बसून काढलं आणि तिथेच गाडले गेले. त्यांची पट्टी आली मागच्या बाजूला, अगदी कोपऱ्याला, समोर कॅन्टीन आणि प्रसाधनगृहाचं दार. "उभा जन्म मातीच्या भिंतीकडे बघत गेला हो, आता हे!" म्हणत डॉक्टरांनी सगळीकडे अर्ज करून पाहिले. शेवटी, आयुष्यभर आरशाने न दिसणाऱ्या जागा बघत आलेला माणूस, दुसरं काय करणार? सुट्टीच्या दिवशी ते घरून एक हातभर आरसा आणत, तिवईवर लावत आणि स्तंभाच्या कडेने असा वळवत, की मागच्या पट्टीपुढे दरी यावी. आज दरीऐवजी काळी छत्री आली होती.

"दोन मिनिटांपूर्वी नदी छान दिसत होती त्यांना," ते कळवळून म्हणाले.

"आणि आमच्या ह्यांना ती दिसू नये म्हणून माझा हात भरून आलाय," आत्या म्हणाली.

दोघं शहाणी माणसं असती तर भांडली असती. पण दोघांनाही इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असं माणूस भेटलं होतं, ज्याला आपलं बोलणं समजावून सांगावं लागत नव्हतं.

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "तिकडे समोर काय आहे नेमकं?"

"काही नाही हो. माणसं चहा पितात. मुलं पडतात. प्रसाधनगृहाची किल्ली कुणाकडे आहे म्हणून भांडणं होतात."

"पायाखाली?"

"सपाट फरशी."

आत्याने छत्री जराशी खाली केली. "मग अदलाबदल करू या."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, की त्यांचे स्वतःचेच मागचे दात दिसले. दोघं व्यवस्थापकांकडे वळले. व्यवस्थापकांच्या मनातही एक हिशोब चालू होता, कारण तो आरसा सुट्टीच्या दिवशी नेमका त्यांच्या खोलीच्या खिडकीत चमके आणि ते दुपारभर एक डोळा मिटून काम करत. ही ब्याद टळली तर त्यांनाही हवंच होतं. पण नियम तो नियम.

"पट्टी फक्त एकाच कारणासाठी उतरवता येते," ते म्हणाले. "पॉलिशला. आणि पॉलिश कधी? तर पट्टीला डाग पडला असल्यास. आणि डाग आहे हे ठरवणार कोण? परवानाधारक नुकसान तपासनीस. तो काही आमच्याकडे नाही. आजवर कुणी आलाच नाही."

एवढं बोलून त्यांनी भाच्याकडे पाहिलं. कॅन्टीनवाल्याकडून त्यांना खुर्चीची हकीकत कळली होती. मग डॉक्टरांनी भाच्याकडे पाहिलं. मग जमलेल्या लोकांनी, कुणीतरी बघतंय म्हणून, भाच्याकडे पाहिलं.

भाच्याने मागे वळून पाहिलं. मागे फक्त स्तंभ होता.

तो पट्टीपुढे उभा राहिला, मान तिरकी केली. पट्टी लख्ख होती. आत्याने सकाळपासून ती चारदा पुसली होती. तीत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ते त्याला नेहमीपेक्षा अप्रामाणिक वाटलं. त्याला आठवलं, एका बेकरीवाल्याची भट्टी फुटली होती आणि तो हात जोडून म्हणाला होता, "साहेब, एवढं लिहा, तुमचं काय जातंय?" आणि याने लिहिलं नव्हतं. आज लिहिलं नाही तर तेव्हाचं बरोबर ठरायचं, आणि आज लिहिलं तर तेव्हाचं चूक ठरायचं. असा पेच कंपनीच्या कुठल्या पुस्तकात सोडवलेला नव्हता.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "डाग नाहीये गं."

आत्या काही बोलली नाही. हीच तर पंचाईत. ती बोलली असती, रागावली असती, 'याचसाठी तुला लहानाचा मोठा केला का' म्हणाली असती, तर त्याने नेहमीसारखी वजाबाकी केली असती. तिने फक्त भरून आलेल्या उजव्या हाताखाली डावा हात टेकूला घेतला, छत्री सावरली आणि ती पुन्हा दरीकडे बघत बसली. ती टेकडी उतरणार नव्हती, हे त्याला कळत होतं. आज कळलं ते हे, की तो हात आता फार काळ छत्री धरणार नाही.

त्याने खिशातून भिंग काढलं. पट्टीवर धरलं. बराच वेळ धरलं.

"आहे," तो म्हणाला.

"कुठे?" व्यवस्थापक वाकले.

"इथे."

"मला नाही दिसत."

"तुमच्याकडे परवाना आहे?"

"नाही."

"मग कसा दिसेल?" भाचा म्हणाला, आणि आपल्याच आवाजातल्या अधिकाराने चकित झाला. "खोल डाग आहे. हवेचा आहे. आणि मागच्या बाजूच्या, ह्या डॉक्टरांच्या वडिलांच्या पट्टीलाही असणार. हा डाग आरपार जातो."

"स्तंभातून?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"या दोन पट्ट्यांपुरता."

व्यवस्थापकांनी पूर्ण समाधानाने शिट्टी वाजवली.

पट्टी उतरवताना मानवंदना द्यायची, असा नियम होता, आणि तो पहिल्यांदाच वापरायची संधी आल्याने व्यवस्थापकांनी काही म्हणून वगळलं नाही. भोंग्यावर बिगुल वाजला. सगळे होते तिथे स्तंभाकडे वळून निश्चल उभे राहिले. दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस वळला तो तसाच वाकलेला राहिला. फोटो काढणाऱ्या जोडप्याने फोनची काठी खांद्याला लावली. कुणीतरी चहात बुडवलेलं बिस्किट विरघळून तळाला जाताना कॅन्टीनवाल्याने पाहिलं, पण तो हलला नाही. प्रसाधनगृहाच्या दाराशी एक जाडसर गृहस्थ किल्ली हातात धरून सावधान उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा त्याग त्या टेकडीवर त्या दिवशी सर्वांत खरा होता. गंमत म्हणजे तेवढा वेळ सगळ्यांची तोंडं स्तंभाकडे होती. दरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दोन पट्ट्या पॉलिश झाल्या. नियमात लिहिलं होतं की पॉलिशनंतर पट्टी रिकाम्या जागी बसवावी. कोणाची कुठे, ते लिहायला नियम करणारा विसरला असावा किंवा त्याला घरी लवकर जायचं असावं. रिकाम्या जागा दोनच होत्या. व्यवस्थापकांनी आकाशाकडे बघत स्क्रू पिळले.

डॉक्टर वडिलांसमोर येऊन उभे राहिले. वडिलांपुढे सगळी दरी मोकळी पसरली होती. डॉक्टरांनी डोळे पुसले, आरसा काखेत मारला, मग दुसऱ्या काखेत मारला. "आता सुट्टीच्या दिवशी मी काय करू?" त्यांनी भाच्याला विचारलं. भाच्याला हे नुकसान खरं वाटलं, पण त्यावर त्याचा परवाना चालत नव्हता.

आत्याची खुर्ची मागच्या बाजूला गेली. समोर चहाच्या पेल्यांचा आवाज, पळणारी मुलं, आणि किल्ली एकदाची वापरून आलेले जाडसर गृहस्थ. आत्याने छत्री मिटली. पट्टीवर हात ठेवला. पट्टी कोरडी होती.

"बरं वाटतंय त्यांना," ती म्हणाली.

"चला तर मग," भाचा म्हणाला. ऊन उतरत होतं आणि त्याला लवकरात लवकर अशा ठिकाणी जायचं होतं जिथे डाग दिसले तरच डाग असतात.

"थांब. काहीतरी राहिलंय." आत्या विचार करत बसली. मग तिने कपाळावर हात मारला. "अरे, सांगितलंच नाही त्यांना! गॅलरीत ते यायचे नाहीत, पण मी उभं राहून सगळं सांगायचे. कोण आलं, कुणी काय आणलं, कुणाचं कुणाशी वाजलं. मी गप्प झाले की आतलं यंत्र थांबायचं. म्हणायचे, पुढे काय झालं? बघायचं नसायचं रे, ऐकायचं असायचं."

ती उठली, स्तंभाला वळसा घालून कठड्याशी गेली आणि दोन्ही हात टेकून, मान मागे वळवून, खणखणीत आवाजात बोलू लागली. "अहो, ऐकलंत का! खाली नदी आहे! बारीकच दिसतेय, तुमच्या टाचणाच्या दोऱ्याएवढी!"

शिट्टी वाजली. "आजी, शांतता राखा!"

"राखते, राखते. बाळ्या, त्यांना ऐकू गेलं का रे?"

मधे स्तंभ होता. आवाज अर्थातच पोचत नव्हता, म्हणजे पोचत नव्हता असं भाच्याला वाटलं, आणि तसं वाटलं हेच त्याला विचित्र वाटलं. तो स्तंभाच्या कोपऱ्याला, दोघांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. इकडे ऐकायचं, तिकडे सांगायचं.

"नदी आहे," तो पट्टीला म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "आतोबा, नदी आहे. टाचणाच्या दोऱ्याएवढी."

"एक गाडी चाललीय!" आत्या ओरडली. "मुंगीएवढी!"

"गाडी चाललीय."

"मुंगीएवढी म्हणालास का?"

"मुंगीएवढी, आतोबा."

कॅन्टीनसमोरची माणसं चहा हातात धरून ऐकू लागली. एकाने कुणाला तरी गप्प केलं. व्यवस्थापकांनी शिट्टी ओठांशी नेली होती, ती तशीच राहिली.

"पक्षी उडतायत," आत्या म्हणाली, "आणि कळलं का रे, ते आपल्या पायांच्या खाली उडतायत! बाप रे, बाळ्या, केवढी खोल आहे ही दरी! तळच दिसत नाही! नुसतं बघून माझ्याच पोटात खड्डा पडला!"

भाच्याने पट्टीकडे पाहिलं. चार नवे पिळलेले स्क्रू आणि मधे एका शिंप्याचं नाव. आज एकदा तो खोटं बोललाच होता.

"आतोबा," तो म्हणाला, "पुढे माळ आहे. सगळा सपाट."